उधारीचा प्याला

परवा पुतण्याने मला चहाचा एक मग भेट दिला. त्यावर टिरियन लॅनिस्टर नावाच्या बुटक्या सरदाराचे चित्र, हाती चषक. आणि आपण पितो नि आपल्याला पुष्कळ कळते, अशी इंग्रजीत त्याची फुशारकी. पोर म्हणाले, "काका, गंमत आहे!" मला गंमत वाटेना.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांशी माझे वैर नाही, हे आधीच सांगतो. टोल्कीनच्या 'हॉबिट'मध्ये (१९३७) राजाचा कोठारी आणि पहारेकरी पिऊन घोरतात, किल्ल्या चोरीस जातात आणि कैदी पिंपांत बसून पळतात. तेथे मीही पोट धरून हसलो. माझे भांडण आहे ते खोट्या हिशेबाशी. या कथांत जादूच्या अंगठीची किंमत पै न पै वसूल होते. मद्याची उधारी तेवढी माफ! रात्रभर ढोसणारा वीर पहाटे टवटवीत उठून युद्धाची मसलत देतो. अहो लेखकमहाशय, त्याचे यकृत कोणत्या धातूचे?

जॉर्ज मार्टिन स्वतः इतका भाबडा नाही. त्याच्या १९९६ च्या पहिल्या कादंबरीत राजा रॉबर्ट तर्र होऊन शिकारीला जातो आणि रानडुक्कर त्याचे पोट फाडते. बापाला मारून पळालेला हाच टिरियन २०११ च्या पाचव्या भागात समुद्रप्रवासभर पितो आणि ओकतो. लोकांनी उचलली ती फुशारकी. ओकारी कोण मगावर छापणार?

खरे चित्र मला सापडले ते मुलांच्या पुस्तकात. हॅरी पॉटरच्या चौथ्या भागात (२०००) विंकी नावाची, चाकरीवरून काढलेली एल्फ जातीची मोलकरीण बटरबिअरच्या दिवसाला सहा बाटल्या रिचवते, आणि तिचे जातभाई शरमेने तिच्यावर टेबलाची चादर टाकतात.

ती चादर माझ्या ओळखीची आहे. आमचे थोरले बंधू ओटीवर पडले की वहिनी त्यांच्यावर अशीच चादर ओढी, आणि दारी कोणी आले तर "ताप आहे हो," म्हणे. आधी बांगड्या सोनाराकडे गेल्या, पाठोपाठ पाटल्या. बंधू ४५ व्या वर्षी गेले. पुतण्या तेव्हा २ वर्षांचा होता. त्याला कोणी काही सांगितले नाही, मीही नाही.

काल वहिनीने फडताळातला तो मग हाती घेऊन विचारले, "भाऊजी, यावर काय लिहिलंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "चित्र आहे नुसतं."