जबड्याची सूज आणि कापसाची वेचणी

आपल्या भागात गाल सुजला की घरोघरी एकच निदान होते, दाढ किडली. मग लवंग, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, गावच्या आरएमपी डॉक्टरचे इंजेक्शन आणि शेवटी आदिलाबादला जाऊन दाढ उपटणे. बहुतेक वेळा हे निदान खरेही असते. आम्ही लिहितो आहोत ते ज्यांची दाढ गेली पण सूज गेली नाही त्यांच्याविषयी.

अशा सुजेमागे क्वचित लिम्फोमा असतो. हा पांढऱ्या पेशींच्या एका जातीचा कर्करोग. बहुधा तो मानेतल्या, काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींत होतो, पण कधी कधी जबड्याच्या हाडातही. खर्रा-तंबाखूने तोंडात होणारा कर्करोग निराळा. तो आपल्याकडे कितीतरी अधिक, आणि त्यावर बोलून बोलून आमचा घसा बसला आहे. लिम्फोमा मात्र ज्याने जन्मात सुपारीचे खांड तोंडात धरले नाही त्यालाही होतो.

त्याच्या खुणा ध्यानात ठेवाव्यात. सूज वाढते, पण तितकी दुखत नाही. चांगले दात हलू लागतात. खालचा ओठ व हनुवटी बधिर होते; ही खूण दिसली तर एक दिवसही थांबू नये. सोबत ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि वजन उतरणे असू शकते.

आमचे स्पष्ट मत असे की दाढ काढून, औषध घेऊन दोन आठवड्यांत सूज उतरली नाही, तर तिथला तुकडा काढून तपासलाच पाहिजे. ‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ ही समजूत चुकीची आहे. तुकडा तपासल्यावाचून हा रोग ठरत नाही आणि त्याची जातही कळत नाही. तपासणीआधी स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळ्या घेऊ नयेत. त्याने लिम्फोमाची सूज काही दिवस झरझर उतरते, घरचे आनंदतात, आणि पुढे तुकड्यातही रोग नीट सापडत नाही. सूज उतरवून देणारा डॉक्टर हुशार ठरतो, हेच आपले दुर्दैव.

डेनिस बर्किट नावाच्या आयरिश शल्यवैद्याने १९५७ साली युगांडात एक लहान मूल पाहिले, त्याचे दोन्ही जबडे दोन्ही बाजूंनी सुजलेले होते. १९५८ साली त्यांनी अशा मुलांविषयी लिहिले. आज तो रोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे तो विरळ, पण फार वेगाने वाढतो. मुलांच्या बाबतीत तर दोन आठवडेही वाट पाहू नये. उपचार वेळेवर झाले तर बहुतेक मुले बरी होतात.

लिम्फोमात जबडा कापून काढावा लागत नाही, हे ऐकून पुष्कळांची भीती जाईल. मुख्य उपचार औषधांचा. मोठ्या माणसांत आढळणाऱ्या नेहमीच्या प्रकारात साधारण दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध देतात. कधी पुढे किरणेही. किरणांआधी खराब दात काढून घ्यावेत, नंतर ती जखम भरणे कठीण. उपचार चालू असता ताप आला तर रात्र न काढता रुग्णालय गाठावे.

बैलाचा जबडा सुजून टणक झाला तर आपण त्याच आठवड्यात त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेतो. तो जंतूंचा आजार, कर्करोग नव्हे; तरी नेतो. घरच्या बाईला मात्र ‘कापूस वेचून होऊ दे, मग बघू’ असे सांगतो. वेचणी ऑक्टोबरात सुरू होते, ती संपेपर्यंत तीन-चार महिने जातात.

आधी आदिलाबादच्या रिम्समध्ये दाखवावे. पुढे हैदराबादचे एमएनजे कर्करोग रुग्णालय आहे. नागपूर आपल्याला जवळचे. पण आरोग्यश्री ही तेलंगणाची योजना, तेव्हा तिथे ती चालेल का हे निघण्याआधी विचारून घ्यावे. डिसेंबर २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दहा लाख रुपये झाली. जाताना दाढ काढल्याचा कागद, एक्स-रे आणि आधी घेतलेल्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात.