बाकडी पुष्कळ झाली, आता एक माणूस द्या

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू पडल्या. निवृत्त शिक्षिका, वय 78, घरात एकट्या. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूला. रात्री बाथरूमला उठल्या, चक्कर आली आणि खुब्याचं हाड मोडलं. सकाळी शेजारच्या पोरांनी दार तोडून बाहेर काढलं. नंतर औषधांची पिशवी उघडली तेव्हा कळलं, साखरेची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी त्या दोनदा घेत होत्या. एक इथल्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी मुलाकडे गेल्या तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी. ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघणारं कुणीच नव्हतं.

कट्ट्यावर लगेच निकाल लागला. "पोरांना शिकवून काय उपयोग? संस्कारच राहिले नाहीत." मला हे पटत नाही. तो मुलगा रोज रात्री फोन करायचा, पैसेही पाठवायचा. पण आई फोनवर काय सांगणार? "मी बरी आहे, तू जेवलास का?" एवढंच. फोनवरून चक्कर दिसत नाही. डब्यातली भाजी तशीच पडून आहे, लाइट बिल दोनदा भरलं गेलंय, हेही दिसत नाही.

हे बघणं हे एक स्वतंत्र काम आहे. पुण्या-मुंबईत ते फी घेऊन करणारी माणसं आहेत, त्यांना 'केअर मॅनेजर' म्हणतात. ही नर्स नाही आणि चोवीस तासांची बाईही नाही. हा माणूस आधी घरी येऊन सगळं तपासतो. उठता-बसता येतं का, विसरभोळेपणा किती, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का. सगळ्या डॉक्टरांच्या गोळ्यांची एक यादी करून ती डॉक्टरांकडून तपासून घेतो. दवाखान्यात सोबत जातो, डिस्चार्जनंतर फिजिओथेरपी, वॉकर, आया यांची सोय बघतो, हयातीच्या दाखल्याची आठवण ठेवतो. आणि तीन भावंडांत "आईला कुणी न्यायचं" यावरून वाद पेटला, तर सगळ्यांना समोर बसवून आधी आईला काय हवंय ते विचारतो.

"हे श्रीमंतांचे चोचले," असं काही जण म्हणतील. अहो, हे काम गरिबाच्या घरीही असतंच की! तिथे ते सुनेच्या नाहीतर लेकीच्या माथी पडतं. ती नोकरी सोडते, रात्र रात्र जागते, आणि वर ऐकून घेते की "तुझं कर्तव्यच आहे." बिनपगारी आहे म्हणून आपल्याला ते काम दिसत नाही, इतकंच.

आता सरकारकडे बघा. योजना नाहीत असं मी म्हणणार नाही. श्रावणबाळ योजनेत अटीत बसणाऱ्यांना महिना 1,500 रुपये आहेत. वयोश्रीचे 3,000 एकदाच. सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचं 5 लाखांचं कार्ड आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतं. काकू पडू नयेत म्हणून त्यात काही नाही. 14567 ही हेल्पलाइन आहे, पण ती किती आजी-आजोबांना माहीत आहे? 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात मुलांकडून महिना 10,000 पर्यंत पोटगी मिळू शकते. पण तो प्रांतांकडे अर्ज करण्याचा, म्हणजे भांडण झाल्यावरचा रस्ता. ज्या घरात भांडण नाही, फक्त अंतर आहे, त्या घराने काय करायचं? या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवून महिन्यातून एकदा भेट द्यावी असं म्हटलंय. तुमच्या ओळखीच्या किती जणांकडे कुणी आलं, ते प्रामाणिकपणे सांगा.

आणि आपले पुढारी? ज्येष्ठांसाठी काय केलं विचारलं की बाकडी दाखवतात. त्यावर नाव असतं, मागे कमळ नाहीतर घड्याळ, पंजा नाहीतर मशाल. बसायला बाकडं हवंच, माझी हरकत नाही. पण ज्याला घरातून बाहेरच पडता येत नाही त्याला त्याचा काय उपयोग?

माझी मागणी साधी आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात या कामासाठी एक प्रशिक्षित, पगारी माणूस द्या. समाजकार्य किंवा नर्सिंग शिकलेला. नगरपरिषद, जिल्हा परिषद यांनी मिळून खर्च करावा. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून फी घ्या, बाकीच्यांना मोफत. सुरुवात पंचाहत्तरीपुढच्या एकट्या राहणाऱ्यांपासून करा. आणि कृपा करून हे काम आशाताईंच्या डोक्यावर टाकू नका, त्या आधीच वाकल्यात.

खासगीवाले उद्या आपल्याकडेही येतील. यावेत, पण डोळे उघडे ठेवा. या कामाला अजून डॉक्टर-वकिलांसारखा परवाना लागत नाही, कार्ड छापलं की कुणीही केअर मॅनेजर. तेव्हा विचारा: शिक्षण काय? पैसे फक्त आमच्याकडूनच घेता, की दवाखाना आणि आया पुरवणाऱ्या ब्युरोकडूनही कमिशन आहे? सगळं लेखी घ्या. एटीएमचा पिन आणि घराची कागदपत्रं कुणाच्याही हातात देऊ नका.

काकू सध्या मुलाकडे आहेत. रोज एकच विचारतात, "मी घरी कधी जायचं?" मुलाकडे उत्तर नाही, कारण इथे बघणारं कुणी नाही.

तुमच्या गल्लीत असं कुणी एकटं राहत असेल तर नाव-पत्ता कमेंटमध्ये टाकू नका, चोरांनाही वाचता येतं. ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन द्या. आणि नगरसेवक पुढच्या वेळी बाकड्याचं उद्घाटन करायला आले, की हा माणूस कधी देताय, एवढं त्यांना नक्की विचारा.