दोष सेन्सरचा की तारेचा?

मुंबईच्या उपनगरांत पावसाळा ओसरू लागला, की मोटारींच्या विजेच्या तक्रारी डोके वर काढतात. अंधेरीच्या भुयारी मार्गात साचणारे पाणी, बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत उघड्यावर भिजत उभी राहणारी वाहने, दमट व खारट हवा आणि बॉनेटखाली आसरा घेऊन तारा कुरतडणारे उंदीर, या सर्वांचा परिणाम इंजिनाच्या नाजूक जोडण्यांवर होतो. यांतील एक तक्रार कुटुंबाच्या सुरक्षिततेशी थेट निगडित आहे. पश्चिम द्रुतगती मार्गावर गाडी वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही पिकअप मिळत नाही, इंजिन अडखळते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मागून येणाऱ्या वाहनाच्या चालकास मात्र याची काहीच कल्पना नसते.

अशी गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर स्कॅनरवर पुष्कळदा पी ०१२० ते पी ०१२३ यांपैकी एखादा कोड दिसतो आणि 'थ्रॉटल सेन्सर गेला, नवा टाकावा लागेल' असा निर्णय तेथल्या तेथे दिला जातो. वस्तुतः या कोडच्या प्रमाणित वर्णनात 'सर्किट' हा शब्द आहे. सेन्सर, त्याच्या तारा, कनेक्टर आणि गाडीचा संगणक या साऱ्या मार्गात कोठेतरी बिघाड आहे, एवढेच तो कोड सांगतो. नेमका दोष कोठे आहे, हे तपासूनच ठरवावे लागते.

इंजिनात जाणारी हवा एका झडपेने कमी-अधिक होते. ती झडप किती उघडली आहे, हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर संगणकास कळवितो. जुन्या, केबलने चालणाऱ्या थ्रॉटलच्या गाड्यांत या सेन्सरला बहुधा तीन तारा असतात. एकीतून संगणक ५ व्होल्टचा पुरवठा करतो, दुसरी अर्थची असते आणि तिसरीतून सिग्नल परत जातो. झडप बंद असता सिग्नल साधारणतः ०.५ व्होल्ट असतो आणि ती पूर्ण उघडली, की सुमारे ४.५ व्होल्टपर्यंत चढतो. नेमके आकडे मात्र त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. प्रथम कनेक्टर सोडवून त्यात पाणी, हिरवट गंज किंवा वाकलेली पिन आहे का, ते पाहावे. त्यानंतर इंजिन सुरू न करता चावी 'ऑन' करून पुरवठ्याची तार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये ५ व्होल्ट मिळतात का, हे मोजावे. मग तीच तार आणि सेन्सरची अर्थ यांच्यामध्ये मोजावे. पहिल्या वेळी ५ व्होल्ट मिळाले आणि दुसऱ्या वेळी मिळाले नाहीत, तर अर्थची तार तुटलेली आहे. दोन्ही वेळा काहीच मिळाले नाही, तर पुरवठाच खंडित झालेला आहे; काही गाड्यांत त्याच पुरवठ्यावरील दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट झाल्यानेही असे घडते. या दोन्ही प्रसंगी नवा सेन्सर बसवून काहीही साध्य होत नाही.

पुरवठा आणि अर्थ ठीक असल्यास कनेक्टर पुन्हा जोडून झडप सावकाश उघडावी व सिग्नल पाहावा. आकडा मध्येच कोसळला, तर सेन्सरमधील पट्टी झिजलेली असण्याचा संभव अधिक. मल्टिमीटरवर आकडा सुरळीत चढतो, पण स्कॅनरवर तसा दिसत नाही, तर सेन्सर व संगणक यांच्यामधील तार संशयास्पद ठरते. तारांचा जुडगा हलवून पाहिल्यास लपलेली तूट बहुधा उघड होते.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत झडप विजेच्या मोटरने हलते आणि तिच्यावर दोन सेन्सर असतात. दोहोंचे सिग्नल परस्परांशी जुळले नाहीत, तर संगणक इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. अशा थ्रॉटलमध्ये चावी 'ऑन' असताना कधीही बोट घालू नये. झडप अकस्मात मिटून इजा होऊ शकते. यांपैकी अनेक गाड्यांत सेन्सर सुटा मिळत नाही, संपूर्ण थ्रॉटल बॉडी बदलावी लागते. त्यामुळे तपासणीवाचून दिलेला निर्णय अधिकच महाग पडतो.

सर्व मोजमापे मालकाने स्वतः घ्यावीत, असे नाही. मात्र सुटा भाग बदलण्यास संमती देण्यापूर्वी त्याने मेकॅनिकला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: पुरवठा किती आला, अर्थ तपासली का, आणि सिग्नल कोठपर्यंत चढला? ज्याने मोजले आहे, तो आकडे सांगेल. रस्त्यात पिकअप गेल्यास धोक्याचे चारही इंडिकेटर लावून, मागील वाहनांकडे लक्ष ठेवीत डाव्या कडेला यावे आणि तशाच गाडीने उड्डाणपूल चढण्याचा प्रयत्न करू नये. दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबासह दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वी, पिवळा दिवा एकदा लागून आपोआप विझला असला तरी, ही तपासणी करून घेणे हिताचे आहे.