टीव्हीआधी सेट-टॉप बॉक्स बघा!

दसऱ्याला नवा टीव्ही घ्यायचं ठरलं की घरचे विचारतात तुम्हालाच, ‘कोणता घ्यायचा?’ आपण बिनधास्त सांगून टाकतो, ‘फोर-के!’

मागच्या दिवाळीत मीही तेच केलं. 43 इंची टीव्ही भिंतीवर लागला आणि आजीची मालिका जुन्या छोट्या टीव्हीपेक्षाही धुरकट दिसायला लागली. दोष टीव्हीचा नव्हता, आमचा सेट-टॉप बॉक्सच साधा होता. साध्या चॅनलचं चित्र 576 रेषांचं, एचडी चॅनलचं 1080 रेषांचं. फोर-के पडद्यावर मात्र रेषा 2160. उरलेलं चित्र टीव्ही अंदाजाने भरतो.

‘एचडी रेडी’ या शब्दालाही भुलू नका. असे बरेच पडदे 1366 बाय 768 चे असतात; फुल एचडी म्हणजे 1920 बाय 1080.

तेव्हा दुकानातल्या चकाचक डेमोवर जाऊ नका. घरी रोज बघता तेच साधं चॅनल लावून दाखवायला सांगा. एचडी बॉक्स आणि एचडी चॅनलचे महिन्याचे पैसे आधीच हिशेबात धरा. घरात तुमच्या शब्दाला किंमत आहे. ती बाबांच्या खिशातून जायला नको!