अटकेचा आकडा आणि जातीचा शिक्का

शिरूर-दौंड पट्ट्यात कुठे दरोडा पडला, महामार्गावर लूट झाली, मळ्यातल्या वस्तीवर एखाद्या म्हातारीच्या कानातले ओरबाडले गेले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते. पोलिसांनी परिसरातील सराईतांची धरपकड सुरू केली आहे! हे सराईत कोण, ते वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. पहाटे पोलिसांची गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हाताला लागतील त्या चार-दोन पोरांना उचलते आणि तपास सुरू झाल्याचे जाहीर होते. मग चावडीवर, सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर एकच युक्तिवाद ऐकू येतो. ‘पोलिसांचे रेकॉर्डच बघा ना. सगळ्यात जास्त अटका त्यांच्याच आहेत. पोलीस काय उगाच पकडतात?’

कारेगावसारख्या गावात या युक्तिवादाला आता नवे धुमारे फुटले आहेत. रांजणगावची एमआयडीसी आली, शेतात चाळी उभ्या राहिल्या, मराठवाडा-विदर्भापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतचा कामगार दहा बाय दहाच्या खोलीत राहू लागला. कंपनीतून तांब्याची वायर गेली किंवा चाळीसमोरची मोटारसायकल गेली की संशयाचे बोट आधी पालाकडे आणि मग परक्या मुलखातल्या कामगाराकडे वळते. दुःख याचे आहे की, छातीवर निळी फीत लावून जयभीम म्हणणारे आमचेच काही बांधवही या कोरसमध्ये सूर मिसळतात. म्हणूनच हा प्रश्न चळवळीच्या व्यासपीठावर मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

मुळात अटकेचा आकडा काय मोजतो? तो गुन्हे मोजत नाही, गुन्हेगारही मोजत नाही. पोलिसांची गाडी कुठे गेली आणि कुठे गेली नाही, एवढेच तो सांगतो. दारूबंदी कायद्याचेच उदाहरण घ्या. १९४९ चा हा कायदा पालामागच्या हातभट्टीला जितका लागू आहे, तितकाच विनापरवाना दारू विकणाऱ्या हायवेवरच्या ढाब्यालाही लागू आहे. पण केसेसची संख्या भरायची असते तेव्हा छापा कुठे पडतो? ज्या बाईच्या मागे ना वकील, ना सरपंच, ना आमदार, तिच्या कॅनवर पडतो. वर्षअखेरीस बेरीज होते आणि त्या बेरजेवरून सिद्ध होते की ‘हा समाजच दारूवाला आहे’.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२२ पाहा. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात संशयास्पद स्थितीत आढळणे हा त्यात गुन्हा आहे. आता ज्याला घरच नाही, ज्याचे पाल माळरानावर आहे, तो माणूस रात्री आढळणार कुठे? बंगल्यात राहणारा रात्री घरात असतो आणि पालात राहणारा रात्री ‘आढळतो’. कायद्याची भाषा दोघांना एकच आहे, पण जाळ्यात एकच सापडतो. त्यातून एकदा नाव नोंदले गेले की माणूस ‘रेकॉर्डवरचा’ होतो. रेकॉर्डवरचा म्हणून पुढच्या चोरीत पहिली चौकशी त्याची, चौकशीत अटक, अटकेमुळे चॅप्टर केस, चॅप्टर केसमुळे तडीपारीचा प्रस्ताव. आकडा असा स्वतःच स्वतःला जन्म देतो आणि मग तोच आकडा पुरावा म्हणून आमच्यापुढे ठेवला जातो. याला तर्कशास्त्र म्हणायचे की घाण्याचा बैल?

हा घाणा आजचा नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. माणूस जन्मतःच गुन्हेगार असतो, हे त्या कायद्याचे गृहीतक. मनुस्मृतीने जन्मावरून विटाळ ठरवला, इंग्रजाने जन्मावरून चोरी ठरवली. दोहोंत फरक तो किती? हाताचे ठसे, रोजची हजेरी, गाव सोडायला पास आणि सोलापूरच्या सेटलमेंटसारखे तारेचे कुंपण. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी कायदा आणला. जमातीचे नाव गेले, नजर तीच राहिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ साली भारताला सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करण्याची सूचना केली, ती काही उगाच नव्हे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा फार आधी ओळखला होता. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते आणि त्या समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींचेच अधिकारी होते. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिघांना एकाच रांगेत उभे केले. या व्यवस्थेने निर्माण केलेले हे तीन समूह आहेत, असा त्यांचा आरोप होता. ज्या पारध्याकडे आज आमचा एखादा शिकलेला बांधव नाक मुरडून पाहतो, त्याला बाबासाहेबांनी आमच्या शेजारी बसवले होते, हे विसरता कामा नये.

आता कुणी म्हणेल, ‘वकीलसाहेब, इतिहास पुरे झाला, आजचे बोला.’ तर आजचे बोलू. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर अमानुष हल्ला झाला, खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना पकडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्या सहाही जणांना निर्दोष सोडले! त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. घटनेत जखमी झालेल्या साक्षीदार महिलेने अगदी सुरुवातीलाच पोलिसांकडील फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही, हे न्यायालयाने नोंदवले. आरोपी भटक्या जमातीचे आणि तळागाळातले गरीब असल्याने त्यांना खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही म्हटले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. पण तुरुंगात गेलेली सोळा वर्षे कोणत्या कोषागारातून परत मिळणार?

या सहा अटका २००३ सालच्या आकड्यात जमा झाल्या. २०१९ साली कुणी तो आकडा दुरुस्त केला काय? नाही. अटकेचा आकडा कधीच मागे फिरत नाही, ही या हिशेबातली पहिली गोम आहे. दुसरी गोम त्याहून गंभीर आहे. ते चार खरे संशयित मोकळे राहिले. म्हणजे जात पाहून पकडणारा पोलीस केवळ निरपराधाचा अपराधी नसतो. ज्या बाईचे घर उद्ध्वस्त झाले तिचाही तो अपराधी असतो. आम्ही चोराची बाजू घेतो, असा आरोप करणाऱ्यांना आमचे हे उत्तर आहे. दरोडा पडतो तो बहुतेक वेळा मळ्यात एकट्या राहणाऱ्या गरिबाच्या घरावर पडतो. खरा चोर सापडावा, हे आम्हालाही हवे आहे. पण पालातल्या पोराला झोडपून गुन्हा ‘उघडकीस’ आला, तर खरा चोर पुढच्या वस्तीवर जातो.

आकड्यांबद्दल आम्ही स्वतःही जबाबदारीने बोलले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक अहवालानुसार २०१९ साली देशातील शिक्षा झालेल्या कैद्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण २१.७ टक्के, अनुसूचित जमातींचे १३.६ टक्के आणि मुस्लिमांचे १६.६ टक्के होते. कच्च्या कैद्यांत मुस्लीम १८.७ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील यांचे प्रमाण अनुक्रमे १६.६, ८.६ आणि १४.२ टक्के आहे. हा फरक पाहून मनुवादी म्हणतो, बघा हे गुन्हेगार. आमचा कार्यकर्ता म्हणतो, बघा हा पक्षपात. पण नुसत्या फरकावरून दोन्ही सिद्ध होत नाही. तुरुंगातला आकडा हा लांबच्या रस्त्याचा शेवट आहे. वाटेत संशय, अटक, आरोपपत्र, जामीन, वकील, निकाल असे थांबे आहेत. जामीन मंजूर झाला, पण सातबारा घेऊन उभा राहणारा जामीनदार मिळाला नाही म्हणून आत राहिलेली माणसे आम्ही कोर्टात रोज पाहतो. २०२२ च्या अखेरीस देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारातले तीन जण असे, ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेलाच नाही!

मग पक्षपात ओळखायचा कसा? अमेरिकेतून एक धडा घेण्यासारखा आहे. ज्या काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आमच्या दलित पँथरने नाव घेतले, त्यांच्या देशात गांजा ओढण्याचे प्रमाण गोऱ्यांत आणि काळ्यांत जवळपास सारखे असल्याचे पाहण्यांतून दिसत होते. तरीही २०१० सालच्या आकडेवारीनुसार गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या पावणेचार पट होती, असे तेथील नागरी हक्क संघटनेने २०१३ साली दाखवून दिले. कृत्य सारखे, अटक वेगळी, याला पुरावा म्हणतात. ब्रिटनमध्ये पोलिसांनी रस्त्यात कुणाला थांबवून झडती घेतली, याचे वंशवार आकडे सरकारच दरवर्षी छापते. आमच्याकडे? ‘क्राइम इन इंडिया’मध्ये अटक झालेल्यांचे वय आणि लिंग मिळते, जात मिळत नाही. तुरुंगाच्या अहवालात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आहेत, पण विमुक्त-भटक्यांचा वेगळा रकानाच नाही. पारध्यांना गुन्हेगार म्हणणाऱ्या गृहस्थाजवळ आकडा नाहीच. त्याच्याजवळ आहे ती फक्त अफवा!

आणि हेच गृहस्थ ॲट्रॉसिटीचा विषय निघाला की आकडे कसे वाचतात, तेही पाहा. २० मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे २०१५ ची आकडेवारी होती. अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे १५,६३८ खटले निकाली निघाले. ४,११९ खटल्यांत शिक्षा, ११,०२४ मध्ये आरोपी सुटले, ४९५ मागे घेतले गेले. लगेच ओरड झाली की कायद्याचा गैरवापर होतो. साक्षीदार फुटले, तपास ढिला झाला, गावाने बहिष्काराची धमकी दिली, याचा हिशेब कुणी मांडला नाही. २ एप्रिल २०१८ रोजी देशभर समाज रस्त्यावर उतरला, संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. म्हणजे आम्ही आरोपी असलो तर नुसती अटक हाच गुन्ह्याचा पुरावा आणि आम्ही फिर्यादी असलो तर आरोपीची सुटका हाच आमच्या खोटेपणाचा पुरावा. तराजू एक, पण मापे दोन!

आमच्या शिरूर तालुक्याने तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे अभिवादनाला आलेल्यांवर हल्ला झाला. त्यानंतरच्या महाराष्ट्र बंदमध्ये वस्त्यावस्त्यांत कोंबिंग ऑपरेशन झाले, शिकणारी पोरे उचलली गेली. गुन्हा दाखल असलेल्या मिलिंद एकबोटे यांना अटक व्हायला मार्च उजाडला आणि संभाजी भिडे यांना अटक झालीच नाही. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारनेच सांगितले की या प्रकरणातील ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतले. आता २०१८ चा अटकेचा आकडा हाती घेऊन कुणी म्हणाले की बौद्ध समाज दंगलखोर आहे, तर ते आम्ही मान्य करू काय? नाही ना? मग त्याच कसोटीवर पारध्याचा आकडा आम्ही का मान्य करतो?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेदाविरुद्ध ऐतिहासिक निकाल दिला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, अशी ताकीद पोलिसांना दिली आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितले. तो रकाना कैद्याला झाडू की स्वयंपाक हे ठरवण्यासाठी वापरला जात होता, म्हणून तो जायलाच हवा होता. परंतु माणसाला काम वाटण्यासाठी जात लिहिणे वेगळे आणि पोलिसांचा पक्षपात तपासण्यासाठी समूहवार आकडे जाहीर करणे वेगळे. पहिले बंद झाले पाहिजे आणि दुसरे सुरू झाले पाहिजे. कैद्याच्या नावापुढे जात नको, पोलीस ठाण्याच्या वार्षिक हिशेबात ती हवी.

तेव्हा करायचे काय? प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात साधे प्रश्न विचारावेत. वर्षभरात संशयावरून किती माणसे ठाण्यात आणली? किती जणांची अटक झाली, कितींवर आरोपपत्र गेले, किती निर्दोष सुटले? चॅप्टर केसेस आणि तडीपारीचे प्रस्ताव किती? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेऐवजी नोटीस द्यायची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे, ती किती जणांना दिली? हे कागद हाती आले की चावडीवरच्या वादाला पाया मिळेल. दुसरे, पालावरचा माणूस उचलला गेला की आमच्यातल्या वकिलाने त्या रात्री ठाण्यात गेले पाहिजे. अटकेची कारणे सांगणे, वकिलाला भेटू देणे, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे करणे, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिले आहे आणि ते पारध्यालाही दिले आहे. तिसरे, बातमीत आरोपीच्या जमातीचे नाव छापणाऱ्या प्रत्येक वर्तमानपत्राला पत्र गेले पाहिजे.

आणि चौथे काम आमच्या घरातले आहे. विहारात पंचशील म्हणताना अदिन्नादाना वेरमणी म्हणून आम्ही न दिलेले न घेण्याची प्रतिज्ञा करतो. एखाद्या समाजाची अब्रू पुराव्याशिवाय हिरावून घेणे, हेही न दिलेलेच घेणे आहे. जन्मावरून माणूस ठरत नाही, कर्मावरून ठरतो, हे तथागतांनी सांगितले. ते आमच्यासाठी खरे आणि पारध्यासाठी खोटे, असे होऊ शकत नाही. जयभीम!