वाघाला घेराव घालणारे आपणच

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ताडोब्याचे फोटो टाकले की खाली पहिला प्रश्न ठरलेला. "साईटिंग झालं का?" झालं असेल तर पैसे वसूल. नसेल झालं तर "गाइडच बेकार होता."

मंडळी, सगळा घोळ या प्रश्नातच आहे.

31 डिसेंबर 2024 आठवा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 'एफ-2' वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांच्या मधोमध अडकले. व्हिडिओ व्हायरल झाला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, दंडही झाला. योग्यच झालं. पण गाडी पुढे घ्यायला लावतं कोण? "भैया, थोडा और आगे लो" हे मागच्या सीटवरून कोण म्हणतं?

गाइड तिथल्याच गावातला पोरगा असतो. वाघ दिसला तर आपण खुशीत टीप देतो, नाही दिसला तर तोंड फिरवून रिसॉर्टवर जातो. मग त्याने नियम बघायचा की आपला चेहरा?

आणि वाघ म्हणजे काय, हे त्या गावांना विचारा. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेली एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. त्यांना 'साईटिंग' नको होतं, पोटाला हवं होतं. ज्या जंगलात लोक जीव मुठीत धरून जातात, तिथे आपण जिप्सीत उभं राहून सेल्फी काढतो.

"एवढे पैसे भरलेत हो!" भरलेत ना, पण ते जंगलात शिरायचे. वाघाचे नाहीत. वाघाची गॅरंटीच हवी असेल तर कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे की. पीएमपीने जा, दुपारी घरी जेवायला या.

ताडोब्याला जरूर जा. गवे बघा, रानकुत्री बघा, अस्वल दिसलं तर नशीब समजा. फोन खिशात ठेवा. गाडी सुरू होण्याआधीच गाइडला सांगा, "वाघ दिसो न दिसो, टीप तेवढीच. गाडी लांबच ठेव." एवढ्या एका वाक्याने त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

आणि परत आल्यावर ग्रुपवर कुणी विचारलंच, "साईटिंग झालं का?" तर सांगा, जंगल बघून आलो.

पटलं तर सुट्टीची बुकिंगं सुरू व्हायच्या आत शेअर करा.