उताऱ्यावरचा उतारा

वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणी वर्गांनी एक नवा माल बाजारात आणला आहे. त्याचे नाव ‘उतारावाचन’. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तीन विषयांचे शुल्क भरून झाले की पालकांपुढे चौथी पावती ठेवली जाते: आकलनाच्या सरावाची. उताऱ्यांची एक जाड पुस्तिका, आठवड्याला दोन चाचण्या, आणि उतारा पुरता न वाचता उत्तर कसे काढावे याच्या युक्त्या. छावणीतील आमच्या ओळखीच्या अनेक घरांनी ही पावती फाडली. आम्हीही फाडली. म्हणून या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे असे आम्ही समजतो, आणि आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हा सराव केवळ निरुपयोगी नाही, तो अपायकारक आहे. ज्या दुखण्यावर तो उतारा म्हणून दिला जातो, ते दुखणे त्यानेच बळावते.

ज्यांच्या घरी बारावीचे मूल नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. ‘नीट’मध्ये उतारा नसतो. २०२५ सालच्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. परंतु पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जायचे असेल, तर नीटच्या गुणांवर बोलावणे आल्यानंतर तेथे आणखी एक चाचणी द्यावी लागते: इंग्रजी भाषा, आकलन, तर्क आणि युक्तिवाद यांची. ४० प्रश्न, ३० मिनिटे, ८० गुण. १९४८ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाचे छावणीत केवढे आकर्षण असावे, हे सांगावयास नको. ज्या वस्तीच्या नावातच सैन्य आहे, तेथे आपल्या मुलीने डॉक्टर व्हावे आणि गणवेशही चढवावा, हे स्वप्न अनेक घरांत पाहिले जाते.

आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने ते पाहिले. नीटमध्ये तिला उत्तम गुण मिळाले, पुण्याचे बोलावणे आले, आणि त्या ३० मिनिटांत ती अडकली. परत आल्यावर ती आम्हांस म्हणाली, “काका, एकही शब्द अडला नाही. वाक्येही कळली. फक्त विचारलंय काय, ते कळेना.” हे वाक्य आम्ही विसरलो नाही. तिच्या धाकट्या बहिणीची बारावी आली तेव्हा आम्ही काही निवृत्त शिक्षक, एक परिचारिका आणि दोघे पालक मिळून सभागृहाच्या एका खोलीत मुलांबरोबर बसू लागलो. पुस्तिका तीच, वर्गाने दिलेली.

त्या पुस्तिकेने मुलांना काय शिकवले होते, ते पाहा. आधी प्रश्न वाचा, मग उतारा चाळा. प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोधा. तो जेथे सापडेल तेथेच उत्तर असते. ज्या पर्यायात ‘नेहमी’ किंवा ‘कधीही नाही’ असेल, तो खोडा. पहिला आणि शेवटचा परिच्छेद पुरे. मुले हे सारे इतक्या सफाईने करीत, की आम्ही पहिले दोन शनिवार थक्क होऊन पाहत राहिलो. कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, कोणी, अशा प्रश्नांना त्यांची उत्तरे बरोबर येत. ‘लेखकाला हे मान्य आहे काय’ किंवा ‘यावरून काय निष्पन्न होते’ असे विचारले, की तीच मुले अंधारात चाचपडत. कारण उघड आहे. लेखकाचे मत कोणत्याही एका मोठ्या शब्दाखाली दडलेले नसते. ते ‘तथापि’, ‘म्हणे’, ‘असे मानले जाते’ अशा लहान शब्दांत असते, आणि लहान शब्द गाळून वाचायचे हेच तर त्यांना शिकवले होते.

तिसऱ्या शनिवारी आम्ही पुस्तिका मिटवली आणि स्वतःच एक उतारा लिहिला. विषय घरचाच घेतला, नहर-ए-अंबरीचा. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी, हे शहर खडकी म्हणून वसत होते तेव्हा, डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात कसे खेळवले, हे त्यात होते. शेवटी आम्ही एक मत मांडले: नहर निकामी झाली ती पाणी आटले म्हणून नव्हे, तर तिची साफसफाई पाहणारे हात कमी होत गेले म्हणून. खाली प्रश्न दिला: लेखकाच्या मते नहर निकामी होण्याचे कारण कोणते? चार पर्यायांत एक होता ‘शहराची वाढलेली लोकसंख्या’. बहुतेक मुलांनी त्यावरच खूण केली. का, असे विचारले तर एक मुलगा निःशंकपणे म्हणाला, “सर, खरं कारण तेच आहे ना! आमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं!”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, एवढेच की त्याला ते विचारलेच नव्हते. उताऱ्यात काय लिहिले आहे, जगात खरे काय आहे, आणि लिहिलेल्यावरून काय निघते, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला बारा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. तो उतारा वाचतच नव्हता. तो स्वतःला आधीच ठाऊक असलेले उताऱ्यात शोधत होता. (तो उतारा आम्ही मराठीतून दिला होता, हेही येथे नोंदवतो. इंग्रजी माध्यमाच्या काही मुलांना तो वाचायला आधी दुप्पट वेळ लागला, आणि मग त्यांनीही तीच चूक केली.)

येथे आमचे काही मित्र म्हणतील की हा सारा खटाटोप पुण्याच्या मोजक्या जागांसाठी. ज्याला घाटीत किंवा दुसऱ्या सरकारी महाविद्यालयात जायचे आहे त्याला आकलनाशी काय कर्तव्य? त्यांनी नीटची प्रश्नपत्रिका एकदा हातात घ्यावी. ‘विधान १’ आणि ‘विधान २’, विधान आणि कारण, जोड्या लावा, खालीलपैकी अयोग्य ते ओळखा. असे प्रश्न आता पानापानांवर भेटतात. एक नमुना आम्हीच तयार करून मुलांना दिला. विधान: फुप्फुस-धमनीतून प्राणवायू कमी असलेले रक्त वाहते. कारण: धमन्या रक्त हृदयापासून दूर नेतात. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि जीवशास्त्राच्या कोणत्याही हुशार मुलाला ती पाठ असतात. पण दुसरे वाक्य पहिल्याचे कारण आहे काय? नाही. धमनीची व्याख्या तेवढी सांगून रक्तातला प्राणवायू कमी का, हे कळत नाही. त्यासाठी ते रक्त शरीरभर फिरून उजव्या बाजूस आलेले आहे, हे सांगावे लागते. आमच्या मुलांनी ‘दोन्ही बरोबर, आणि कारणही योग्य’ असे उत्तर दिले. त्यांना जीवशास्त्र येत होते. ‘म्हणून’ या शब्दाचा अर्थ येत नव्हता. आणि त्या अज्ञानाची किंमत ५ गुण असते: मिळणारे ४ गेले, हातातला १ वजा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला आम्ही हसत नाही. तो असा की ही अडचण आकलनाची नसून इंग्रजीची आहे. गंगापूर-वैजापूरकडून आलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या मुलावर हा अन्याय आहे. हे बऱ्याच अंशी खरे आहे. २०१७ पासून नीट मराठीतून देता येते. परंतु आपल्याकडे अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतूनच शिकवले जात असल्याने त्या सोयीचा लाभ घेणारी मुले फार थोडी. त्यातही अनुवादात संदिग्धता आढळली तर इंग्रजी पाठ अंतिम मानला जातो. २०१८ साली तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्नांच्या सदोष अनुवादावरून मद्रास उच्च न्यायालयाने त्या विद्यार्थ्यांना १९६ गुण देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. तेव्हा भाषेमुळे होणारा अन्याय आम्ही नाकारीत नाही. त्याविरुद्ध जो कोणी लढेल त्याच्या अर्जावर आम्ही सही करू. परंतु आमच्या खोलीत जे दिसले तेही लपवणार नाही: मराठी शाळेतली मुले मराठी उतारा भराभर वाचत, आणि ‘यावरून काय निष्पन्न होते’ येथे येऊन इंग्रजी शाळेतल्या मुलांइतकीच अडत. इंग्रजी सुधारल्याने ही दुसरी अडचण दूर होत नाही.

परदेशी गेलेल्या आपल्या परिचारिका भगिनींची मुले याच वाटेने जात आहेत. अमेरिकेच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत केवळ उताऱ्यांचा एक स्वतंत्र विभाग असतो. ९० मिनिटांत ५३ प्रश्न, आणि उतारे तत्त्वज्ञान, इतिहास, कला, समाजशास्त्र यांतले. शरीरशास्त्राचे नावही नाही, बाहेरचे ज्ञान चालत नाही, जे उताऱ्यात आहे त्यावरच उत्तर द्यायचे. इंग्लंडच्या परीक्षेत तर २०२५ पासून २२ मिनिटांत ४४ प्रश्न आहेत. प्रश्नास अर्धे मिनिट! इतक्या घाईत कोणी काय समजून घेणार, असा प्रश्न आम्हांस पडतो, आणि या घाईचे समर्थन आम्ही करणार नाही. पण अमेरिकेतील त्या विभागामागची कल्पना मात्र आम्हांस पटते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने दुसऱ्याचे म्हणणे, ते स्वतःला न पटणारे असले तरी, जसेच्या तसे समजून घेता आले पाहिजे.

आमच्यातल्या परिचारिकाबाईंनी हे आमच्यापेक्षा नेमके सांगितले. खेड्यातून आलेली म्हातारी दवाखान्यात सांगते, “पोटात गोळा येतो, पण जेवल्यावर नाही, आधी.” ‘पोटात’ आणि ‘जेवल्यावर’ हे दोन मोठे शब्द ऐकून लेखणी चालवणारा डॉक्टर आणि ‘नाही, आधी’ हे ऐकणारा डॉक्टर, यांत केवढे अंतर आहे! मोठे शब्द टिपून पुढे सरकण्याची सवय आपण सतराव्या वर्षी पैसे देऊन लावतो आहोत.

आता वर्गांना नावे ठेवून आम्ही हात झटकावेत, हे बरे नव्हे. दोष घरचा आहे. दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मुलांच्या हातातल्या गोष्टींच्या पुस्तकांना आम्हीच कपाट दाखवले: “आता दोन वर्षे हे नको.” लातूरकडे पाहून दिवसाचे तास आखले, त्या आखणीत झोपेला जागा होती, वाचनाला नव्हती. सभागृहात पुस्तकांचे काचेचे कपाट होते. रंगकामाच्या वेळी ते मागच्या खोलीत गेले, त्याच्या जागी क्रीडास्पर्धांचे चषक आले, आणि चावी हरवली. तो ठराव करणाऱ्या समितीत आम्ही होतो. कोणी हरकत घेतल्याचे स्मरत नाही. रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन करणारी मुले पूर्णविरामापाशी न थांबता ओळ संपेल तेथे थांबतात. आम्ही ते वर्षानुवर्षे ऐकतो आणि उच्चार किती स्पष्ट म्हणून कौतुक करतो. ओळीच्या टोकाशी थांबणाऱ्याला वाक्य कळलेले नाही, एवढे तरी आम्हांस उमजायला हवे होते.

मग करावे काय? युक्त्या सोडाव्यात आणि मुलांनी रोज अर्धा तास काहीही सलग वाचावे: अग्रलेख, प्रवासवर्णन, चरित्र, मराठी असो वा इंग्रजी. वाचून झाल्यावर पुस्तक मिटवून लेखक काय म्हणाला ते दोन वाक्यांत सांगावे, आणि त्यानंतरच आपल्याला काय वाटते ते. हा क्रम उलटा होऊ देऊ नये. आमच्या खोलीत सर्वांत अवघड हेच गेले. “मला वाटतं” ने सुरुवात करणाऱ्यास आम्ही परत मागे पाठवीत असू. वेळ कोठून आणावा, असे विचारणाऱ्या पालकांना आमचे उत्तर असे की चौथ्या पावतीचे तास आणि पैसे दोन्ही मोकळे होतातच. चार महिन्यांत चमत्कार घडेल असे आश्वासन आम्ही देत नाही. तसे आश्वासन देणारे फलक नगर नाक्यापासून पुढे पुष्कळ लागलेले आहेत.

एक मात्र घडले. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ती धाकटी बहीण वर्गाची जुनी पुस्तिका घेऊन आली आणि म्हणाली, “सतराव्या उताऱ्यातल्या चौथ्या प्रश्नाचं मागे छापलेलं उत्तर चुकलं आहे.” आम्ही हसलो. तिने उतारा पुढे केला आणि एका ओळीतील ‘जरी’ वर बोट ठेवले. आम्ही चौघांनी तो दोनदा वाचला. उत्तर चुकलेच होते. वर्गातल्या मुलांनी ते पाठ करून टाकले होते, असे ती म्हणाली.

काचेचे कपाट पुढच्या खोलीत परत आणले आहे. चषक खिडकीत ठेवले. कुलूप नवे घेतले. त्याला दोन चाव्या आल्या. एक रखवालदाराकडे आहे, दुसरी तिच्याकडे.